आखाड्यावर निजायला

डाव्या पायातलं जोडवं निघेना, तेव्हा पुनम सिस्टरनं साबणाचा फेस करून विशाखाच्या बोटाला चोळला आणि जोडवं गोल फिरवत, जरा ओढत, जरा सैल सोडत बाहेर काढलं. बोटावर पांढरी खाच राहिली. बांगड्या आधीच निघाल्या होत्या. कानातलं, केसातल्या पिना, घड्याळ, एकेक वस्तू शेजारी बसलेल्या साखराबाईंच्या ओटीत पडत होती. मंगळसूत्र हातात आलं तशी त्यांनी मूठ मिटली. नुसती काळी पोत तरी गळ्यात राहू द्या, असं त्यांनी सिस्टरला म्हणून पाहिलं. आत मोठं लोहचुंबक आहे, धातूचा कणसुद्धा चालत नाही, असं सिस्टरनं समजावलं. मग साखराबाईंनी सगळं पदराच्या टोकात बांधलं आणि ते टोक कमरेला खोचलं.

विशाखानं पाठमोरं होऊन रुग्णालयाचा निळा झगा घातला. तो पुढून उघडा होता. दोन्ही हातांनी तो छातीवर धरून ती पुन्हा बाकावर येऊन बसली.

दीड महिन्यापूर्वी ब्लाउजच्या आतल्या बाजूला कापडावर तिला एक डाग दिसला होता. बोराएवढा, तांबूस. आठवड्यानं तसाच दुसरा. वेदना नव्हती, हाताला काही लागत नव्हतं. लातूरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, मॅमोग्राफी केली. दोन्हींत काही आलं नाही. मग एमआरआय झाला, आणि त्यात डाव्या बाजूला, खोलवर, नखाएवढी एक जागा उजळलेली दिसली. बाकी कशातच दिसत नाही म्हटल्यावर तिथपर्यंत सुई न्यायची तर एमआरआयमध्ये बघतच न्यावी लागणार होती. ही सोय नांदेडला आहे, नाही तर थेट हैदराबाद, असं डॉक्टर म्हणाले.

विशाखानं नांदेड ठरवलं. लातूरच्या ट्यूशन एरियात ती बारा-पंधरा वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होती. तिथं एखाद्या मॅडमनं दोन दिवस सुट्टी घेतली तर तिसऱ्या दिवशी मेसच्या बायकासुद्धा कारण सांगत. शिवाय घरात इरा होती. बारावीचं वर्ष, मे महिन्यात नीटची परीक्षा. माधवराव सोबत यायला निघाले होते, पण आई-वडील दोघंही एकदम घराबाहेर गेले तर पोरीला शंका येणार. रुग्णालयानं सोबत बाईमाणूस आणायला सांगितलं होतं. मग लोह्याची काकू आठवली. नांदेडची एसटी लोह्यावरूनच जाते. काकूला बरं नाही, जाऊन येते, एवढं इराला सांगून विशाखा सकाळी निघाली. ठणठणीत साखराबाई लोह्याच्या स्टँडवर हातात पिशवी घेऊन उभ्याच होत्या. छोटी तपासणी आहे, एवढंच त्यांना फोनवर सांगितलं होतं. अहमदपूरपासून रिकामी ठेवलेली शेजारची जागा विशाखानं त्यांना दिली, आणि नांदेड येईपर्यंत हळू आवाजात जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं. साखराबाईंनी मध्ये एकही प्रश्न केला नाही. खिडकीबाहेर बघत त्या नुसत्या हं हं करत राहिल्या.

डॉ. मृण्मयी आल्या. वयानं विशाखाहून लहान, केस टोपीत कोंबलेले. आधी फोनवर विचारलेलं सगळं त्यांनी पुन्हा विचारलं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? कसली अ‍ॅलर्जी? अंगात कुठं धातूची पट्टी, स्क्रू? आणि घरात कुणाला हा आजार? आई, मावशी, आत्या, आजी?

"नाही," विशाखा म्हणाली.

"आई आहेत?"

"नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात गेली."

डॉक्टर थांबल्या. मग जरा वेगळ्या आवाजात त्यांनी विचारलं, की त्या वेळी विशाखा ढिगाऱ्याखाली सापडली होती का. मशीनमध्ये चहूबाजूंनी बंद असल्यासारखं वाटतं, आवाज असतो. असं काही असेल तर आधी कळलेलं बरं.

"मी घरात नव्हते," विशाखा म्हणाली. "शेतात, आखाड्यावर होते. काकूजवळ."

ती आजवर अनेकदा सांगितलेली गोष्ट होती आणि ती तेवढीच सांगायची तिला सवय झाली होती. किल्लारीजवळचं गाव. गणपती विसर्जन करून दमून निजलेलं घर, मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर मातीचं धाबं. पहाटे तिथं जेवढी माणसं निजली होती तेवढी सगळी गेली. आई, वडील ग्यानोबा, धाकटा भाऊ, आजी, चुलते. दोन्ही मावश्या शेजारच्याच गावात दिल्या होत्या, त्याही. शेतातल्या आखाड्यावर पत्र्याच्या सपराखाली काकू आणि ती. पत्रे थडथडले, बैलं उधळली, आणि उजाडल्यावर गावाच्या जागी धूळ दिसली. विशाखा तेव्हा चौदा वर्षांची होती. पुढं साखराबाई तिला घेऊन लोह्याला माहेरी आल्या, भावाच्या रानात राबल्या आणि पोरीला दहावी करून लातूरला शिकायला घातलं. मेडिकल थोडक्यात हुकलं.

तेव्हा घरात कुणाला हा आजार होता का, या प्रश्नाला ती नाही म्हणाली ते खोटं नव्हतं. घरातल्या बायकांना पुढं काय होणार होतं हे कळायला त्यांचं तेवढं वय व्हावं लागलं असतं.

आधीच्या पेशंटचं अजून चालू होतं. थोडा वेळ बसा, असं सांगून डॉक्टर आत गेल्या. सिस्टर विशाखाच्या उजव्या हाताला सुई लावून, नळी चिकटपट्टीनं बसवून डॉक्टरांच्या मागोमाग गेली. दाराच्या वरचा लाल दिवा लागला.

साखराबाई म्हणाल्या, "तू त्या डॉक्टरीणबाईला न्हाई म्हनलीस."

"काय नाही?"

"घरात कुनाला न्हाई म्हून."

विशाखानं त्यांच्याकडं पाहिलं. साखराबाईंची नजर समोरच्या भिंतीवर होती.

"तुज्या मायला होती. गाठ." त्यांनी पदरावरूनच आपल्या उजव्या छातीवर दोन बोटं टेकवली आणि काढून घेतली. "हितं."

बाहेर कुणाचा तरी फोन वाजून थांबला. साखराबाईंनी पुढं सांगायला सुरुवात केली. हळू, पण न अडखळता, मनात फार वेळा म्हणून झालेलं असावं तसं. पाडवा झाल्यावर कधीतरी, न्हाताना, नीलाबाईनं, विशाखाच्या आईनं, जावेला ती दाखवली होती. सुपारीएवढी, दगडासारखी कडक. पेरण्या होईस्तोवर वरचं कातडं आत ओढलं गेलं आणि काखेत दुसरी आली. नवऱ्याला सांगायचं नाही, सासूला तर नाहीच. लातूरला जाऊ असं साखराबाई म्हणत होत्या, पण पुरुष डॉक्टरसमोर उघडं व्हायचं या विचारानं नीलाबाई आज-उद्या करत होती. आधी पेरणी, मग पोळा, मग गौरी-गणपती. शेवटी विसर्जन झालं की बाजाराचं निमित्त करून दोघींनी एसटी धरायची असं ठरलं.

"अन् तुला आखाड्यावर निजायला धाडायची ती कामून?" साखराबाई म्हणाल्या. "तुला मायच्या अंगावर हात टाकून निजायची सवय. झोपंत तुजा हात लागला की ती कळवळायची. वरडता येईना, बाजूला समदे निजलेले. मग मला मनली, पोरीला तुज्यासंगं नेत जा."

विशाखानं झग्याची दोन्ही टोकं नीट एकावर एक घेतली.

तो उन्हाळा आणि तो पावसाळा तिला आठवत होता. रोज संध्याकाळी जेवण झालं की आई तिची वाकळ गुंडाळून उंबऱ्यावर ठेवायची. मोठी झाली म्हणून, असं तिला आधी वाटलं होतं. मग वाटलं, आईला आता भाऊच जवळ हवा. ती चिडायची. आईनं हाक मारली तर ओ द्यायची नाही. विसर्जनाच्या रात्रीही ती आईशी न बोलता, वाकळ काखेत मारून काकूच्या पुढं चालत गेली होती.

"इतकी वर्षं सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"तिनं शपत घातली होती. अन् सांगून तू काय करनार होतीस, लेकरू व्हतीस." साखराबाईंनी पदराचं बांधलेलं टोक चाचपलं. "मी आपली मनाला समजावते. ती तशीबी राहनार नव्हती. लई हाल झाले असते तिचे, सडून गेली असती. धरणीमायनं एका रातीत सोडविलं. तेवढंच धरून हाय मी."

लाल दिवा विझला. पुनम सिस्टर दार उघडून उभी राहिली आणि तिनं विशाखाचं नाव घेतलं.

आतली खोली थंड होती. तंत्रज्ञ सर्वेश यानं तिला टेबल दाखवलं. त्यावर गादी होती आणि गादीत दोन पोकळ्या. पालथं निजायचं, छाती त्या पोकळ्यांतून खाली सोडायची, कपाळ समोरच्या कडीवर टेकवायचं, हात डोक्याच्या पुढं. झगा सिस्टरनं बाजूला केला. खालून कुणाचे तरी हात आले आणि डावी बाजू दोन पाट्यांच्या मध्ये धरली गेली. एका पाटीला जाळी होती. पाट्या आवळत आल्या. दुखतंय का, असं डॉक्टरांनी विचारलं. दुखत नव्हतं. घट्ट होतं. आपलाच एक भाग आपल्याला दिसत नाही अशा ठिकाणी, दुसऱ्यांच्या ताब्यात आहे, एवढंच कळत होतं.

"श्वास नेहमीसारखा घ्या," डॉक्टर म्हणाल्या. "पण इथून पुढं हलायचं नाही. एक सूत हललात तरी सगळं मोजमाप चुकेल."

कानात बोळे, त्यावर जाड हेडफोन, हातात रबराचा फुगा. काही झालं तर तो दाबायचा. मग टेबल सरकलं.

आवाजाबद्दल तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. आधी टकटक, मग कुणी पत्र्यावर मशीन चालवावं तसं खर्रर्र, मग लांबलचक एकसुरी भोंगा. कपाळाखाली पांढरं प्लास्टिक होतं, नाकापासून बोटभर अंतरावर. मध्येच हातातली नळी गार झाली आणि तो गारवा कोपरातून खांद्याकडं गेला. हे ते औषध, ती जागा उजळून दिसावी म्हणून दिलेलं. ती डोळे उघडे ठेवून प्लास्टिककडं बघत राहिली. सांगितल्याप्रमाणे ती नेहमीसारखा श्वास घेत होती, आणि नेहमीसारखा श्वास कसा असतो ते लक्ष दिल्याबरोबर विसरायला होत होतं.

आईनं ओठ दाबून धरले असतील. एवढं एकच चित्र तिच्या डोळ्यांपुढं येत होतं, पुन्हा पुन्हा, फार काही न बदलता. अंधार, शेजारी निजलेली माणसं, आणि न हलता पडून राहिलेली आई. विशाखापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असलेली एक बाई.

टेबल बाहेर आलं. पलीकडच्या काचेआड डॉक्टर आणि सर्वेश संगणकावर जाळीचा कोणता चौकोन, किती खोल, याचा हिशेब करत होते. मग डॉक्टर तिच्या बाजूला स्टुलावर बसल्या आणि प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत गेल्या. आता थंड लागेल, पुसतेय. आता टोचेल, भुलीचं आहे, थोडी आग होईल. आग झाली. मोहरीचं पोटीस लावल्यासारखी पसरली आणि विझली. पुढं नुसता दाब कळत होता; कुणीतरी अंगठा आत आत रोवतंय असा, पण दुखणं त्यातून काढून घेतलेलं. सुई जायची नळी बसवून झाल्यावर टेबल पुन्हा आत गेलं, नळी बरोबर जागी आहे का ते बघायला. पुन्हा बाहेर. मग सुई. सुईला जोडलेलं यंत्र घरघरलं, काहीतरी शोषून घेतल्याचा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा. प्रत्येक वेळी सुई आतल्या आत जराशी फिरवली जात होती. ती मोजत बसली नाही.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "हललाच नाहीत तुम्ही."

शेवटी तिळाएवढी एक टायटॅनियमची खूण त्यांनी त्या जागी सोडली. पुढं कधी शोधायची वेळ आली तर ती सापडावी म्हणून. ती कायम आत राहणार होती, तिचा कसला त्रास नव्हता. एकदा शेवटचा फोटो झाला आणि पाट्या सैल झाल्या.

तिला उताणं निजवून पुनम सिस्टरनं त्या जागेवर कापसाचा जाड बोळा ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी जोर देऊन दाबून धरला. रक्त थांबेस्तोवर असंच धरायचं, टाका घालावा लागत नाही, ती म्हणाली. सिस्टर देगलूरकडची होती, तिचं मराठी जरा तेलुगूच्या अंगानं जात होतं. दोन दिवस डाव्या हातानं बादली उचलायची नाही, पट्टी भिजवायची नाही, आतून घट्ट कपडा घालायचा, निळं-काळं पडेल त्याला घाबरायचं नाही, असं ती सांगत होती. विशाखा मान हलवत होती. मध्येच तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडं गेलं. सिस्टरचे दोन्ही हात गुंतलेले होते. तिनं आपल्या कोपरानं, बाहीनं, ते टिपलं आणि पुढं सांगत राहिली.

बर्फाची पिशवी छातीशी घेऊन ती बाहेर आली, तेव्हा साखराबाई जोडवी हातात काढून तयार बसल्या होत्या. आधी मंगळसूत्र घाल, मग बाकीचं, एवढंच त्या म्हणाल्या.

ती रात्र विशाखा लोह्यालाच राहिली. भागवतच्या, म्हणजे साखराबाईंच्या भाच्याच्या, बायकोनं मुगाची खिचडी केली. तिला काही विचारायचं नाही असं आधीच ठरलं असावं. अंथरुणं पडल्यावर विशाखानं काकूला एकच गोष्ट विचारली. आपण रुसलो होतो, हे आईला कळत होतं का?

"न कळायला काय झालं?" साखराबाई म्हणाल्या. "रोज मनायची, रुसू दे. रुसली तर रुसली, पर सुखानं निजंल तरी."

लातूरला घरी आल्यावर, इराला परीक्षेनंतर सांगायचं, हे ठरलेलंच होतं. माधवरावांनी दुधाची पिशवी स्वतः आणली, कुकर स्वतः उतरवला, आणि इतकं सगळं स्वतः केलं की दोन दिवस आणखी गेले असते तर इराला त्यावरूनच कळलं असतं.

तेवढे दिवस गेले नाहीत. संध्याकाळी क्लासमधून इरा आली, दप्तर टाकलं, आणि सोफ्यावर बसलेल्या आईच्या अंगावर नेहमीसारखी धाडकन रेलायला निघाली. विशाखाचा हात आपोआप पुढं आला आणि त्यानं तिला मध्येच थोपवलं. इराचा चेहरा उतरला. ती मागं सरकायला लागली.

"जाऊ नकोस," विशाखा म्हणाली. "त्या बाजूनं ये."

इरा वळसा घालून उजव्या बाजूला आली, बसली, पण टेकली नाही. मग विशाखानं तिला सगळं सांगितलं. डागापासून सुरुवात केली, मशीन सांगितलं, सुई सांगितली. नंतर आखाड्याचंही सांगितलं. वर्गात जसं सांगायची तसंच, क्रमानं, शब्द न वाढवता. माधवराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि परत आत गेले.

इरानं आधी विचारले ते पुस्तकातले प्रश्न. जागा नेमकी कुठं, नमुने किती घेतले, दुधाच्या नळीशी संबंध आहे का? विशाखानं माहीत होतं तेवढं सांगितलं. मग इरा उठून खोलीत गेली, टेबललॅम्प लावल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं ती परत आली आणि आईच्या उजव्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

"रिपोर्ट कधी आहे?"

"रविवारी बोलावलंय. डॉक्टर त्या दिवशी खास येणार आहेत."

"मी येते."

"रविवारी तुझी टेस्ट आहे."

"टेस्ट दर रविवारी असते," इरा म्हणाली.

रविवारी नांदेडला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. लोह्याला साखराबाई बसमध्ये चढल्या. इराला बघून त्यांनी आधी विशाखाकडं पाहिलं, मग पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि तिच्या शेजारी बसून घेतलं. रुग्णालयात डॉक्टरांच्या खोलीत जायला त्यांनी नकार दिला. तुमी दोघी जा, मला त्यातलं काय कळतंय, म्हणत त्या बाहेरच बसल्या.

डॉ. मृण्मयींनी आढेवेढे न घेता सांगितलं. कॅन्सर नाही. दुधाच्या नळीत वाढलेला एक छोटा मस आहे, पॅपिलोमा म्हणतात त्याला. रक्त त्यातूनच येत होतं. पण त्यातल्या थोड्या पेशी जशा असायला हव्यात तशा नाहीत. आज त्या वाईट नाहीत. उद्या होऊ नयेत म्हणून तेवढा भाग छोट्या ऑपरेशननं काढून टाकायचा. त्यानंतर दर वर्षी तपासणी.

विशाखानं टेबलाची कड धरली होती, ती सोडली.

"मागं एक चुकीचं सांगितलं मी," ती म्हणाली. "माझ्या आईला गाठ होती. मला माहीत नव्हतं."

डॉक्टरांनी विचारलं, की निदान कुणी केलं होतं, काही तपासणी? विशाखानं साखराबाईंनी सांगितलं होतं ते सांगितलं. डॉक्टर ऐकून घेत होत्या. लक्षणं बरी वाटत नाहीत, त्या म्हणाल्या, पण अशा लक्षणांची जुनाट गाठ दुसऱ्या कारणानंही असू शकते, टीबीचीसुद्धा. तपासल्याशिवाय नक्की काहीच सांगता येत नाही, आणि आता ते कुणालाच सांगता येणार नाही. आपण मात्र ती कॅन्सरचीच होती असं धरून चालू. मग त्या इराकडं वळल्या आणि पंचविशीनंतर तिनंही तपासणी चुकवायची नाही, हे तिला सांगितलं. इरानं मान डोलावली.

रुग्णालयासमोर एक हॉटेल होतं. विशाखानं तिघींसाठी चुरमुऱ्यांचा सुशिला आणि चहा सांगितला. बसता बसताच तिनं काकूला रिपोर्ट सांगितला. साधा मस आहे, कॅन्सर नाही, छोटं ऑपरेशन करून काढतील. साखराबाईंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. विशाखाच्या पाठीवरून हात फिरवला. लई बरं झालं, लई बरं झालं, असं त्या दोनदा म्हणाल्या.

मग बशा आल्या. विशाखाला भूक लागली होती. इरानंही खायला घेतलं. साखराबाईंनी चमचा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. चहावर साय धरायला लागली.

"काकू, खा की," विशाखा म्हणाली.

"म्हंजी समद्याच गाठी वाईट नसत्यात," साखराबाई म्हणाल्या.

त्या कुणाला उद्देशून म्हणाल्या ते कळलं नाही. चमचा त्यांनी बशीत ठेवून दिला. त्यांचं तोंड एकदम लहान दिसायला लागलं.

"मंग नीलाबाईची बी..." त्या म्हणाल्या आणि पुढचं बोलल्या नाहीत.

विशाखाच्या लक्षात आलं. इतकी वर्षं काकू काय धरून होती ते तिनं ऐकलं होतं. नाही म्हणावं, तर ती गाठ वाईट होती हे तरी तिला कुठं माहीत होतं? आणि आत, काही मिनिटांपूर्वी, डॉक्टर जे बोलल्या ते इरानंही ऐकलं होतं.

इरानं पाण्याचा घोट घेतला.

"आजी," तिनं विचारलं, "ती गाठ दाबली तर सरकायची का, की एका जागी घट्ट होती?"

"घट्ट. दगडच की."

"आणि वरची कातडी आत ओढलेली होती."

"हाव. आंबा सुकल्यावर होतो तशी."

"काखेतही होती?"

"होती. त्यानं तिला हात वर करता येईना शेवटी शेवटी."

इरानं समोरच्या बशीतला एक शेंगदाणा चमच्यानं बाजूला केला. ती आईकडं बघत नव्हती.

"मग ती वाईटच होती, आजी," ती म्हणाली. "नक्की. तेव्हा त्यावर काही इलाज झाला नसता."

"नक्की?"

"आम्हाला शिकवलंय ना."

साखराबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी लांब श्वास सोडला, पदरानं तोंड पुसलं, आणि बशी पुढं ओढून घेतली. सुशिला गार झाला होता. त्या तो खायला लागल्या, सावकाश, एकेक घास चावून.

चहा गार झाला म्हणून विशाखानं हॉटेलवाल्याला हात करून दुसरा कप मागवला.